सहा महिन्यांच्या आतला सातबारा

आमच्या गावात माणूस जास्त आजारी पडला की घरात आधी वाद होतो, लातूरला न्यायचं की नांदेडला. ज्याचा जावई लातूरला तो लातूर म्हणतो, ज्याच्या भावाचं ऑपरेशन नांदेडला नीट झालं तो नांदेड म्हणतो, आणि तोवर जीप दारात उभी असते. गाव दोन्हींच्या मधे आहे. नाव लिहीत नाही, कारण मी तिथल्या नगरपालिकेत अजून नोकरीला आहे.

माझं काम नकाशांचं. लातूरला आयटीआयमधून आरेखकाचा कोर्स केला आणि बाविसाव्या वर्षी चिकटले. तेव्हा गावाचा विकास आराखडा चालू होता. पुढच्या वीस वर्षांत घरं कुठं, बाजार कुठं, शाळा कुठं, हे ठरवणारा मोठा नकाशा. जिथं सार्वजनिक काही बांधायचं त्या खासगी जागेवर आरक्षण टाकतात. जागा मालकाचीच राहते, पण त्याला तिथं दुसरं काही बांधता येत नाही, आणि पालिकेनं ती कधीतरी विकत घ्यायची असते. जिल्ह्याहून नगररचनावाले आले, त्यांनी ठरवलं, मी ट्रेसिंग पेपरवर उतरवलं आणि रंग भरले.

आरक्षण क्रमांक सतरा, दवाखाना व प्रसूतिगृह, क्षेत्र चाळीस गुंठे. गावाच्या पूर्वेला, तेव्हा तूर उभी असलेल्या रानात. रंग लाल. साहेबांनी त्या चौकोनात कंपासचं टोक रोवून एक वर्तुळ काढलं आणि म्हणाले, ह्याच्या आतल्या कुठल्याही बाईला चालत येता आलं पाहिजे. मला ते पटलं. पुढं लग्न झाल्यावर आम्ही प्लॉट घेतला तो त्या वर्तुळाच्या आतच. स्वस्त होता हे खरं कारण, पण सतरा नंबर शेजारी येणार हेही डोक्यात होतं.

गावातले बाकी सगळे दवाखाने बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहेत. घरं म्हणून परवानगी घेतलेल्या इमारती. खाली ओपीडी, वर आठ-दहा खाटा, त्याच्यावर डॉक्टरांचं कुटुंब. गाड्या लावायला सोडलेल्या जागेत मेडिकल आणि रक्त तपासायची लॅब. गल्ली इतकी अरुंद की ॲम्ब्युलन्स आत उलटी न्यावी लागते. मी वर्षानुवर्षं तिथल्या नोटिसा लिहिल्या. अनधिकृत बांधकाम काढून टाकावे. कुणी काढलं नाही, आणि काढलं असतं तर लोक गेले कुठं असते?

पूर्वेच्या भागात वस्ती वाढली. मोंढ्यात धान्याची पोती वाहणारे हमाल, गवंडी, शिलाईवाले, गाव सोडून मुलांच्या शाळेसाठी आलेले. त्यांच्यासाठी पालिकेनं एक आरोग्य केंद्र सुरू केलं, दोन शटरच्या भाड्याच्या गाळ्यात. आधी तिथं टायर पंक्चरचं दुकान होतं. फरशीवरचे काळे डाग शेवटपर्यंत गेले नाहीत. तिथं एक सिस्टर आली. उदगीरची, शिंप्याच्या घरातली, माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी लहान. वस्तीतल्या सगळ्या बायका, हिंदू काय मुसलमान काय, तिला बाजी म्हणायच्या. मी सिस्टर म्हणायचे, ती मला ताई.

एका पडद्यामागं ती सगळं करायची. वजन, बीपी, पोटावर हात ठेवून बाळ कसं आहे ते बघणं. बाळंतपण तिथं करायची परवानगी नव्हती. तरी तीन झाली, कारण बायका उशिरा आल्या. मी एकदा तिला आराखड्याची अमोनियावर काढलेली जुनी प्रत दिली. तिनं ती लसीकरणाच्या तक्त्याशेजारी चिकटवली आणि लाल चौकोनावर बोट ठेवून बायकांना सांगायची, "हे बघा, हे माझं. इथं बसून राहिले ते उगाच." मला म्हणायची, "ताई, तुमच्या नकाशात माझा दवाखाना लई मोठा हाय. झाडू मारायला बी बाई लागंल. कधी व्हायचा?"

"होईल."

"माझ्या रिटायरच्या आधी का नंतर, तेवढंच सांगा."

मग लातूर-नांदेड रस्ता चौपदरी झाला आणि मधे दुभाजक आला. साहेबांच्या त्या वर्तुळाचे दोन तुकडे झाले. पूर्वेच्या बाईला बसस्टँडच्या गल्लीत जायचं तर पेट्रोल पंपापर्यंत जाऊन वळून यावं लागतं, नाहीतर दुभाजक ओलांडायचा. आता सतरा नंबरशिवाय त्या भागाला दवाखान्याची दुसरी आशा नव्हती. सिस्टरचं विचारणंही आता थट्टेचं राहिलं नाही. दर आठवड्याला विचारायची.

आता चूक सांगते. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं झाली आणि पालिकेनं जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, की घ्या नाहीतर सोडा. नोटीस मिळाल्यापासून दोन वर्षांत जागा घ्यायची किंवा भूसंपादनाचा प्रस्ताव पुढं न्यायचा. नाहीतर आरक्षण आपोआप संपतं. सतराचे मालक मोंढ्यात आडतीचं दुकान चालवणारे म्हातारे गृहस्थ. त्यांची नोटीस रजिस्टर पोस्टानं आली, आवक विभागात शिक्का बसला आणि नेहमीप्रमाणं आधी माझ्या टेबलावर आली. जमिनीचा कुठलाही कागद आधी माझ्याकडं येतो. मी जोडपत्रं तपासायची आणि पूर्ण असली तरच वर पाठवायची.

जोडलेला सातबारा आठ महिन्यांपूर्वीचा होता. आमच्याकडं सहा महिन्यांच्या आतलाच लागतो. मोजणीचा नकाशाही नव्हता. पहिल्या साहेबांनी मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, अपूर्ण कागद म्हणजे न आलेला कागद. मी दहा मिनिटांत त्रुटीपत्र तयार केलं. अर्जासोबत खालील कागदपत्रे सादर करावीत, तोपर्यंत अर्जाचा विचार करता येणार नाही. मुख्याधिकाऱ्यांनी न वाचता सही केली. असली पत्रं मी हजारांनी लिहिली आहेत.

हे आळसानं केलं नाही. उलट मला वाटलं मी सतराची पाठराखण करतेय. मालक जितका उशीर करील तितकी मुदत उशिरा सुरू होईल, तेवढाच पालिकेला वेळ मिळेल.

म्हातारबा पत्र घेऊन स्वतः आले. टोपी काढून टेबलावर ठेवली.

"बाई, सातबारा जुना झाला म्हणता. जमीन तर तीच हाय."

"नियम आहे, काका."

"सहा महिन्यांत ती काय धर्माबादला गेली का उठून?"

ऑफिसातले सगळे हसले. मीही हसले. "नवीन आणा, लगेच घेते," म्हटलं.

त्यांनी आणला. मोजणीची तारीख मिळेपर्यंत साडेपाच महिने गेले. कागद पूर्ण झाले त्या दिवशी मी फाइलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख लिहिली आणि तिथून दोन वर्षं मोजली. पुढची दोन वर्षं जशी जातात तशी गेली. मुख्याधिकारी तीन झाले. सभेत विषय दोनदा तहकूब झाला. पैशाऐवजी मालकाला टीडीआर द्या, म्हणजे दुसरीकडं जास्त मजले चढवायचा हक्क, असं एकानं सुचवलं. आमच्या गावात दुसरा मजला भाड्यानं जात नाही, तिथं हा हक्क कोण घेणार? शेवटी ठराव झाला. प्रस्ताव जिल्ह्याला न्यायला टपालावर विश्वास नव्हता, म्हणून मी स्वतः एसटीनं गेले. माझ्या हिशेबानं मुदतीला चाळीस दिवस बाकी होते. पोचेचा शिक्का घेतला, स्टँडवर वडा खाल्ला आणि परत येताना सिस्टरच्या गाळ्यापाशी उतरले. सांगितलं, गेला एकदाचा प्रस्ताव. तिनं नकाशावरचा लाल चौकोन ओल्या फडक्यानं पुसून घेतला. वर धूळ बसली होती.

मालक कोर्टात गेले. सुनावणीला मी फाइल घेऊन मागच्या बाकावर बसले होते. त्यांचे वकील फार काही बोलले नाहीत. पहिल्या नोटिशीची प्रत दिली, तिच्यावर आमच्या आवक विभागाचा शिक्का आणि तारीख. न्यायाधीशांनी आमच्या वकिलांना विचारलं, जमीन कुठली आणि मालक कोण हे ह्या नोटिशीवरून कळत होतं की नाही? कळत होतं, असं आमचे वकील म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मग मुदत ह्या तारखेपासून. सातबारा किती महिन्यांचा आहे हे कायद्यात कुठं नव्हतं. ते फक्त आमच्या ऑफिसात होतं.

पहिल्या तारखेपासून मोजलं तर माझी एसटी सव्वाचार महिने उशिरा पोचली होती. आरक्षण संपलं.

मला कुणी काही विचारलं नाही. त्रुटीपत्रावर सही मुख्याधिकाऱ्यांची होती आणि त्यांची बदली कधीच झाली होती. नवे साहेब म्हणाले, वरच्या कोर्टात जायचं का यावर अभिप्राय मागवू. मागवला. तो अजून आलेला नाही. ऑफिसात मी सोडून कुणालाही माहीत नव्हतं की फाइलच्या आतली पेन्सिलीची तारीख कुणी लिहिली.

सिस्टरला मात्र सांगावं लागणार होतं. दुपारी गेले. ती बाळाचं वजन करत होती. बाळ आणि आई जाईपर्यंत थांबले, मग सगळं सांगितलं. सातबारा, त्रुटीपत्र, तारीख.

ती बराच वेळ काट्याचा पाळणा पुसत राहिली.

"म्हणजे तुम्ही तो कागद तसाच वर पाठवला असता, तर?"

"तर मी पहिल्या दिवसापासून मोजलं असतं. प्रस्ताव वेळेत गेला असता."

"आठ महिन्यांचा होता म्हणून."

"हो."

"ताई, माझ्याकडं नवव्या महिन्यात बाई येती, हातात एक बी कागद नसतो. कार्ड न्हाई, रिपोर्ट न्हाई. मी म्हणती का, जा, कागद आण, तवर तू आलीच न्हाईस?"

तिनं चहा मागवला. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं, पण ती रागावली नव्हती. "चला, झाडूवाली बाई तर वाचली," म्हणाली. नंतर ती मला ताई म्हणायची थांबली आणि मॅडम म्हणायला लागली.

पुढचं सगळं ओळीनं झालं. रस्ता चौपदरी झाल्यानं गाळ्याचा भाव वाढला होता. आरक्षण गेल्याचं कळताच गाळामालकानं जागा परत मागितली. इतके दिवस तो थांबला होता तो पलीकडं सरकारी दवाखाना येईल, गिऱ्हाईक वाढेल म्हणून. पूर्वेला दुसरा गाळा मिळेना, तेव्हा केंद्र पालिकेच्या जुन्या हॉलमध्ये हलवलं. हॉल बसस्टँडच्या मागं आहे, दवाखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. म्हणजे जिथं आधीच अकरा दवाखाने आहेत तिथं बारावा. जागेचा अहवाल मीच लिहिला. पालिकेच्या मालकीची जागा, भाडे नाही, पाणी व वीज उपलब्ध. सगळं खरं आहे.

सिस्टर रोज तिथं बसते. पूर्वेच्या बायका कमी येतात. माझ्या समोरच्या घरातली सून सातव्या महिन्यात आहे. पेट्रोल पंपापर्यंत चालायचं नको म्हणून ती साडी एका हातानं धरून दुभाजकावर बसते, पाय पलीकडं टाकते, मग उभी राहते. ट्रक हॉर्न वाजवत जातात. दोनदा मी तिला स्कूटरवर पोचवलं. रोज जमत नाही, माझं ऑफिस आहे. तिचा नवरा म्हणतो, वेळ आलीच तर सरळ नांदेडला नेऊ. सासरा म्हणतो लातूर.

गेल्या महिन्यात सतरा नंबरच्या जागेचा ले-आउट मंजुरीला आला. चोवीस प्लॉट, मधे रस्ता, मोकळी जागा नाल्याकडच्या कोपऱ्यात. पहिल्यांदा आला माझ्याच टेबलावर. मी दोन दिवस तो तपासला. सार्वजनिक सुविधेसाठी जागा सोडायची अट याच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या क्षेत्राला लागू होते, इथं नाही. मोकळ्या जागेत दवाखाना बांधता येत नाही. रस्त्याची रुंदी मोजली, बरोबर. नाल्यापासूनचं अंतर मोजलं, बरोबर. बेरजा दोनदा केल्या. तिसऱ्यांदा करायला घेतल्या तेव्हा मलाच कळलं मी काय शोधतेय ते, आणि कॅल्क्युलेटर ठेवून दिला.

म्हातारबा समोरच्या खुर्चीत बसले होते. आता त्यांना दिसतं कमी, नातवाचा हात धरून येतात. त्यांना माझ्याबद्दल राग नाही. उलट इतक्या वर्षांची ओळख म्हणून बोलतात.

"बाई, या बारीला सातबारा आजचाच हाय. सकाळीच काढला. बघून घ्या."

मी तारीख बघितली. आजचीच होती. छाननी केली, त्रुटी नाही, असं लिहिलं, सही केली आणि फाइल वर पाठवली.