वाढदिवसाआधीचे अकरा फोटो

मी आठ वर्षांची असताना बाबांनी शारजात एका रशियन बाईकडून जुना कॅमेरा घेतला. आम्ही तेव्हा तिथेच राहायचो. त्या काळात रशियाकडच्या बायका मोठमोठ्या बॅगा घेऊन माल न्यायला यायच्या आणि येताना घरातलं काहीबाही विकायला आणायच्या. कॅमेऱ्याच्या पाठीवर एक चांदणी आणि खाली तीन ओळी कोरलेल्या होत्या. आम्हाला त्या वाचता येत नव्हत्या.

आत अर्धवट वापरलेला रोल निघाला. वाया कशाला घालवायचा, म्हणून उरलेल्या फिल्मवर बाबांनी माझा वाढदिवस काढला.

दुबईतल्या बर दुबई भागातल्या स्टुडिओतून प्रिंट आल्या. माझ्याआधी अकरा फोटो सैनिकांचे होते. धुरकट, मागे उघडेबोडके डोंगर. एकात पोरं रणगाड्यावर बसून कलिंगड खात होती. बाराव्यात मी, केकसमोर. फिल्म नीट सरकली नसावी आणि फोटोवर फोटो चढला असावा, कारण माझ्या खांद्यामागे भिंतीतून आधीच्या फोटोतला एक पोरगा बघत होता. बाबांनी कारण समजावलं, मला कळलंही. तरी कित्येक दिवस मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसले नाही. आई म्हणाली, "ही मुलं आता आहेत की नाहीत, कोण जाणे. डोळ्यांसमोर नकोत." बाबा त्या बाईला शोधायला दोनदा गेले, ती पुन्हा दिसली नाही. सगळं खोक्यात घालून कपाटावर ठेवलं.

बारा-तेरा वर्षांनी मला दुबईत नोकरी लागली. शेजारच्या टेबलाशी ताश्कंदची, शाळेत रशियन शिकलेली एक बाई बसायची. बोलता बोलता कॅमेऱ्याचा विषय निघाला, आणि तिने तो बघायला मागितला. कोरलेलं तिने सावकाश वाचलं: एका कॅप्टनला, त्याच्या जवानांकडून, अफगाणिस्तानातली आठवण.

मग तिने फोटो मागितले. तिचा थोरला भाऊ सोव्हिएत फौजेतून त्याच युद्धावर गेला होता. घरी आली ती जस्ताची बंद शवपेटी, आणि ती उघडायची परवानगी आईला मिळाली नाही. तिने एकेक चेहरा निरखला. माझ्या खांद्यामागच्या पोरावर बराच वेळ थांबली.

"यांत तो नाही," ती म्हणाली.

तरी एक फोटो तिने बाजूला काढला. त्यात एक जण पाठमोरा उभा होता.

"हा नेऊ?"

"हा तोच आहे?"

"माहीत नाही. पण आईला हा देता येईल."

मी दिला. तिच्या आईने तो फ्रेम करून भिंतीवर लावला, असं तिने पुढे सांगितलं. तो नेमका कुणाचा मुलगा, हा प्रश्न आम्ही दोघींनी पुन्हा काढला नाही.