जेवायला थांबायची जागा

आमच्या गल्लीत केबल टाकायला चर खणताहेत. सकाळी खिडकी उघडली आणि जमिनीच्या पोटातून उपसलेल्या कच्च्या मातीचा वास घरभर झाला. मातीचा वास मला एरवी आवडतो. पण या मातीला कधी ऊन लागलेलं नसतं, आणि तिच्यात तुटलेल्या मुळांचा एक तुरट दर्प असतो. तो आला की हातातलं काम तसंच राहतं आणि मी धरणाच्या पाठीमागच्या त्या वळणावर जाऊन उभी राहते.

वडगावच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणारी मैत्रीण आणि मी पाठोपाठ निवृत्त झालो. मावळातल्या आपल्या मोठ्या धरणाला एका दिवसात पायी फेरी घालायची, हे खूळ तिचंच. उजाडता उजाडता भिंतीपासून निघायचं, पाणी सतत डाव्या हाताला ठेवायचं आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा भिंतीपाशी यायचं. वर्षभर आम्ही त्यासाठी रोज पहाटे चाललो. रविवारी तिच्या ओट्यावर नकाशा पसरून बसायचो. कुठं डांबरी रस्ता आहे, कुठं बंगल्यांच्या कुंपणांमुळे वर चढून जावं लागेल, कुठला ओढा पाय न भिजवता ओलांडता येईल, यावर तास न् तास बोलायचो. खरं सांगायचं तर फेरीपेक्षा मला ते बोलणंच अधिक लाडकं झालं होतं. न चाललेली वाट फार सुंदर असते. तिच्यावर काटा नसतो आणि पाय दुखत नाहीत.

फेरीचे तुकडे आम्ही आधी एकेक करून पाहून घेत होतो. थंडीत एकदा एसटीनं पाठीमागच्या बाजूला गेलो, जिथं डोंगर थेट पाण्यात उतरतो. तिथं उतारावर एक लहानशी सपाटी होती, तिच्यावर एकच घर, अंगणात फणस आणि खाली पसरलेलं निळं पाणी. घरात एक म्हातारं जोडपं राहत होतं. मावशींनी आम्हाला कोरा चहा दिला. आमचा बेत ऐकून आबा हसले, पण मावशींना तो पटला.

“या की पुढला पाऊस संपल्यावर,” त्या म्हणाल्या. “दुपारचं हितंच जेवा. भाकरी टाकीन मी.”

परतताना मैत्रीण म्हणाली, “अगं, ठरलं. जेवण इथंच.” नकाशावर तिनं तिथं एक छोटं फुलीचं चिन्ह केलं.

गणपती आटोपल्यावर ओढ्यांना किती पाणी आहे ते बघायला आम्ही पुन्हा गेलो. एसटीतून उतरलो, गप्पा मारत वळणापाशी आलो आणि पुढं वाटच नव्हती. वाट, अंगण, घर, सपाटी, काहीच नव्हतं. डोंगराच्या माथ्याखालून थेट पाण्यापर्यंत लाल, ओली, उघडी माती होती, आणि पाण्याच्या कडेला फणस मुळं वर करून पडला होता. क्षणभर वाटलं, आपण चुकीच्या वळणावर आलो. मी मागं वळून रस्ता पाहिला. वळण तेच होतं.

मी हाका मारायला लागले. “मावशी! आबा!” त्या मातीला हाका मारण्यात काय अर्थ होता? पण मी मारतच राहिले.

वरच्या अंगाला गुरं चारणारा एक माणूस धावत खाली आला. “बाई, पुढं जाऊ नका. कुणाला हाका मारताय?”

मी नुसतं बोट दाखवलं.

“हायेत ती,” तो म्हणाला. “दोगंबी हायेत. वरच्या वाडीत, लेकीकडं.”

आम्ही त्याच्यामागून चढलो. त्या चढणीचं मला काही आठवत नाही. मावशी लेकीच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला तो सोडवेना.

“लेकीच्या खाचरात भाताची लावणी व्हती,” त्या सांगू लागल्या. “आमी दोगं वर गेलतो. दुपारच्याला ट्रक उलटावा तसा आवाज झाला. बघतो तर खाली धुरळाच धुरळा. एवढ्या पावसात धुरळा, बगा.” मग म्हणाल्या, “शेरडं गेली. दावणीला बांधली व्हती ना.”

आबा आत भिंतीकडं तोंड करून पडून होते. तेव्हापासून ते त्या बाजूला एकदाही फिरकले नव्हते.

निघताना मावशींनीच विचारलं, “मंग, फेरी कधी?” फेरी आमच्या मनातून केव्हाच पुसली गेली होती. “वरनं वाट हाय,” त्या म्हणाल्या. “या. लेकीच्या चुलीवर टाकीन.”

दिवाळीनंतर आम्ही गेलो. वरच्या वाडीत जेवलो, मावशींनी आग्रह करून वाढलं, आबा आमच्याशी दोन शब्द बोलले. भिंतीपाशी परत पोचलो तेव्हा दिवस बुडत होता, पाय सुजले होते. वर्षभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, आणि आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बसून पाय चोळत होतो.

त्या दिवशी वरच्या वाटेनं जाताना मी एकदाच खाली पाहिलं. लाल मातीवर गवत उगवलं होतं, मधूनमधून तेरड्याची वाळकी बोंडं दिसत होती. पुढच्या पावसात तो उतार पुरता हिरवा होईल. मग कुणीतरी नवखी माणसं फेरीचा बेत करत त्या वळणावर येतील, खालचं पाणी बघून थबकतील आणि म्हणतील, जागा किती छान आहे, जेवायला इथंच थांबू.