मुठीतला गाळ

मराठवाड्यातल्या वाशीजवळचं आमचं गाव मी सोडलं त्या सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, मोट हाकत होते. निजामाच्या राज्यातले ते शेवटचे, धास्तीचे दिवस. हाताशी आलेल्या पोरांना जो तो हद्दीपलीकडं पाठवत होता. मी बैलगाडीनं बार्शी गाठायची आणि तिथून रेल्वेनं पुण्याला मामांकडं जायचं, असं ठरलं होतं. गाडी विहिरीपाशी थांबली तरी आबांनी मोट थांबवली नाही. पाया पडलो तेव्हा एवढंच म्हणाले, "तिकडं पाणी दिसलं की आदी तळ गाठ. उगं वरवर पव्हू नगंस." लेकरू चाललंय आणि यांना पोहण्याचं सुचतंय, म्हणून मला रागच आला.

गावकऱ्यांनो, तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना आमच्या विहिरीची रीत सांगायला नको. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना आठवण देतो. सूर कितीही झोकात मारा, वर येताना मुठीत तळाचा गाळ नसेल तर ती उडी धरत नसत. रिकाम्या हातानं आलेल्याला 'कोरडा आला' म्हणून दिवसभर चिडवत. गाळ खरा तळाचा की कडेचा, हे आबा बोटांनी चोळून सांगत. त्यांच्या निकालावर कुणी बोलत नसे.

पुण्यातल्या पोहण्याच्या तलावाला तळाशी फरशी होती आणि उड्या मारायला उंच फळ्या. तिथल्या सरांनी मला हाताखाली घेतलं. पहिल्याच स्पर्धेत मी वरच्या फळीवरून सूर मारला, तळ गाठला आणि सवयीनं फरशी चाचपत राहिलो. गाळ कुठंच लागेना. इतका वेळ झाला की सरांनी कपड्यांनिशी पाण्यात उडी घेतली. मी रडवेला होऊन वर आलो आणि म्हणालो, "सर, गाळच न्हाय की हो." सगळा तलाव हसला. मार्क तर मी पाण्यात शिरतानाच पडले होते आणि पहिला नंबर माझाच होता. पाणी न उडवता शिरलं की तिथं काम झालं. खाली जाऊन काय केलं, हे कुणी विचारत नाही.

पुढं हा बिनआवाजाचा सूर हीच माझी ओळख झाली. मी देशाचा चॅम्पियन झालो, पेपरात फोटो आला. खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं. पण दर वेळी मनात यायचं, ही उडी आबांनी धरली असती का?

निजाम गेल्यावर काही वर्षांनी मी चषक घेऊन गावी आलो. तोवर मोतीबिंदूनं आबांची नजर पार गेली होती. त्यांनी चषक चाचपला, "जड हाय चांगला," म्हणाले आणि बाजूला ठेवला. मला फार लागलं ते. मी त्यांना विहिरीच्या काठावर बसवलं आणि आयुष्यातला सगळ्यात देखणा सूर मारला. पाण्याचा आवाज झालाच नाही. वर आलो तर आबा उभे राहून ओरडत होते, "मारलीस का उडी? का न मारताच गेलास परत?"

मी पायऱ्या चढून धावत गेलो आणि त्यांच्या तळहातावर मूठ उघडली. त्यांनी गाळ बोटांनी चोळला, नाकाशी नेला.

"आता आलास," म्हणाले.

आबा जाऊन बरीच वर्षं झाली. कुणी घर विचारलं की मी पुण्याचा पत्ता सांगतो, आणि तो खराही आहे. पण तलावाच्या तळाशी गेलो की अजून माझी मूठ आपोआप वळते, आणि वर येताना मी काठावर आबांना शोधतो.