सगुणाने दिलेले डाग

सगुणा कोणाच्या पोराची खुशाली विचारायची नाही. विचारायची, "आज कोणाले चावला?" नवेगाव बांधच्या तळ्यावर धुणं धुताना तिने मलाही तेच विचारलं. माझ्या हातावर दातांचे वण होते. बैलाचा दोर घासला, असं मी सांगितलं. तिने पदर सरकवून खांदा दाखवला. मांसाचा लचकाच गेलेला. "हाही बैलच होय वो," म्हणाली.

इंग्रज गेले त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. तिचा धनू तेराचा, माझी मंजी दहाची. मंजी बिथरली की भिंतीवर डोकं आपटायची, मला ओरबाडायची. धनूही तसाच. अंगात काही शिरलंय म्हणून गाव दोघांना दगड मारायचं.

रोवण्याच्या दिवसांत आम्ही पाळी लावली. एक दिवस सगुणा दोघींच्या भाताच्या बांधीत धान रोवायची आणि मी दोन्ही पोरं सांभाळायची, दुसऱ्या दिवशी उलट. धनूने माझं नाक फोडलं तेव्हा तिने माफी मागितली नाही. "मंजीनं माहे केस उपटले. चाल, फिटलं," म्हणाली.

दिवाळीनंतर माझ्या नवऱ्याने भगत आणला. पाठीवर तीन डाग दिले की बाधा जाते म्हणे. विळा निखाऱ्यात लाल झाला. मंजीचे पाय मीच दाबून धरले होते. मलाही वाटत होतं, जाईल.

सगुणा धनूला ओढत घेऊन आली आणि त्याचा सदरा वर केला.

"हे तिन्ही डाग म्या देल्ले. रोग गेला नाही. आता पोरगा मले पाहून मुतते. तुले असंच पाहिजे काय?"

मी पाय सोडले. मंजीची लाथ भगताच्या तोंडावर बसली, विळा माझ्या मनगटावर पडला. नवऱ्याने काठी उचलली. सगुणाचं डोकं फुटलं, माझी बरगडी मोडली. मंजीला डाग लागला नाही. जाताना सगुणा माझ्या नवऱ्याला म्हणाली, "भाऊ, भगताले तुह्यासाठी विळा तापवाले सांग."

चार वर्षांनी ती हिवतापाने गेली. चिता विझायच्या आत तिचा दीर साखळी घेऊन माझ्या दारात आला. धनू माझ्याच घरात होता. दीर त्याला नेऊन गोठ्यात बांधणार होता. मी कुऱ्हाड घेऊन उभी राहिले. मागे नवरा होता. तो कोणाच्या बाजूने, हे मला माहीत नव्हतं. दिराने उंबरठ्यावर पाय ठेवला. मी घाव घातला. त्याच्या पायाची दोन बोटं तिथेच राहिली.

धनू माझ्याकडेच राहिला. पुन्हा त्याला न्यायला कोणी आलं नाही.