मिठाचा हात

मीठ घालायची वेळ आली की आमचे आचारी काका चमचा बाजूला सारायचे, मिठाच्या थैलीत उजवी मूठ खुपसायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि मूठ गंजावर, म्हणजे चुलीवरच्या मोठ्या पातेल्यावर, मोकळी करायचे. “चाखून पाहा लागते तो आचारी कायचा?” हे वाक्य वर ठरलेलं.

यवतमाळात आमच्या गल्लीच्या भंडाऱ्याला ते कळंबहून पहिल्या बसने यायचे. नैवेद्य दाखवेपर्यंत अन्न कुणी चाखायचं नाही, ही आमची रीत. चारशे माणसांची चव त्या एका मुठीवर असायची. मी शाळामास्तर, भंडाऱ्याचा पुढारी आणि जातीचा उतावीळ. दर पाच मिनिटांनी चुलीपाशी जायचो.

“सर, तुम्ही हटा जी इथून. तुमच्या येरझाऱ्यानं माही कढी फुटून राह्यली.”

दोनेक वर्षांपूर्वी ते उभं राहायचं सोडून कांद्याच्या पोत्यावर बसू लागले. पाय इतके सुजलेले की चपलेचा पट्टा रुतायचा. चार पावलांत धाप लागायची. वय झालं, म्हणून मी सोडून दिलं. तुम्हीही कदाचित तेच केलं असतं, पण असं म्हणून माझी सुटका होत नाही.

त्या वर्षी पहिली पंगत बसली आणि पहिल्या घासालाच लोकांनी तोंडं वाकडी केली. वांग्या-आलूची भाजी खारट जहर. त्यांनी दोनदा मीठ घातलं होतं, कदाचित तीनदाही. माझा तोल गेला. सगळ्या गल्लीदेखत मी ओरडलो, “दारू पिऊन देवाच्या स्वयंपाकाले हात लावता? लाज नाही वाटत?”

ते गंजाकडे पाहत राहिले. “मले आठवूनच नाही राह्यलं, सर.”

मला तो बहाणा वाटला. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस मान खाली घालून निघून गेला.

महिन्याभराने कळलं, काका दवाखान्यात आहेत. गेलो. डॉक्टर त्यांच्या बायकोला समजावत होते: हृदय थकलंय, रक्त पुरेसं ढकलत नाही, म्हणून अंगात पाणी साचतं आणि डोक्यालाही रक्त कमी पडतं. शिवाय अशा आजारात शरीरात आतून दाह चालू राहतो, त्याचा त्रास मेंदूपर्यंत पोचतो. लक्ष लागत नाही, आत्ता केलेलं आत्ता विसरतं. मी भिंतीला टेकून ऐकत होतो आणि हात कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं.

ते घरी आल्यावर माफी मागायला कळंबला गेलो. ते उशांना टेकून बसले होते. मी सगळं बोललो, रडलोही.

“तुम्ही अन् मले बोलले? कधी जी?” ते हसले. “काहीतरीच सांगून राह्यले. ऐकलं का वं, सरले चहा ठेव.”

खरंच त्यांना काही आठवत नव्हतं. परतीच्या बसमध्ये मला हलकं वाटलं, हे कबूल करतो.

थंडीत ते गेले. तेरवीच्या दिवशी काकू माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, “अखेरपर्यंत लोकं बोलवाले येत, सर. नुसतं बसून सांगा म्हणत. पण भंडाऱ्याचं नाव काढलं का ह्यांचे हात कापत. काहून म्हणून विचारलं, तं ह्यांले सांगताच नोयतं येत. ‘तिथं मले भेव लागते’ एवढंच म्हणत.”