पदराला लाव

काल शेजारच्या सुनंदाकडे हळदीकुंकू होतं. तिची सून अत्तरदाणी घेऊन एकेकीच्या मनगटावर अत्तर लावत येत होती. मी सवयीने हात मागे घेतला.

माझी कातडी पहिल्यापासून नाठाळ. मोगऱ्याने पुरळ येतं, हिन्याने गांधी उठतात. म्हणून दर संक्रांतीला मी म्हणायची, "हातावर नको गं, पदराला लाव." सोसायचा तो फक्त खस. तोही ह्यांनी दुकानात बसून, माझ्या कोपराच्या आत एकेक थेंब लावून शोधलेला. "उद्यापर्यंत बघू, मगच बाटली घेऊ," म्हणायचे.

हे गेल्यानंतरचं हे पहिलंच हळदीकुंकू. सून माझ्यापाशी आली, मी पदर पुढे केला. तेवढ्यात सुनंदा हळूच म्हणाली, "अगं, त्यांना नको."

माझं पुरळ हिच्या लक्षात आहे, असं वाटून मला क्षणभर बरं वाटलं. मग तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

कुठला वास मला चालतो, हे मी जन्मभर तपासत आले. मी कुणाला चालत नाही, हे एका वाक्यात कळलं.

घरी आले तेव्हा काहीच न लावलेलं मनगट खाजत होतं.