सरळ दाखवलेला हात

कंपनीचे साहेब खुर्चीतून उठून टेबलापाशी आले. टेबलावरचा रोबोट वाकला होता. स्क्रीनवरचा मात्र ताठ उभा होता.

मी नगरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवते, त्यात डिजिटल ट्विनही. डिजिटल ट्विन म्हणजे यंत्राचं संगणकातलं जुळं भावंड. खऱ्या यंत्रावरचे सेन्सर माहिती पाठवत राहतात आणि स्क्रीनवरचं यंत्र तसंच वागतं. एकाला ताप आला की दुसऱ्याचंही अंग तापलं पाहिजे. हे शिकवायला आमच्याकडे टेबलावर मावणारा एक रोबोटिक हात आहे. त्याच्या कोपरातली मोटर झिजलेली. दहा मिनिटं चालला की हात खाली लोंबतो. नवी मोटर मागवून कधीचे वाट बघतोय.

मनीषा माझी फायनल इयरची विद्यार्थिनी, पाथर्डीकडची. तिनं दोन महिने बसून हात किती लोंबतो ते मोजलं आणि ट्विनमध्ये जसंच्या तसं उतरवलं. आमच्याकडे आधी उत्तर बघून मग रीडिंग लिहायची जुनी खोड. जर्नल देखणं, यंत्र काही का म्हणेना. मीही तिला म्हटलं होतं, थोडं सरळ करून घे.

"मॅडम, हात वाकडा हाय तर स्क्रीनवरबी वाकडाच दिसाया पायजे ना?" ती म्हणाली. मला लाजच वाटली.

नोकरीसाठी मुलं निवडायला एक कंपनी कॅम्पसला येणार होती आणि मनीषा त्यांना हा ट्विन चालवून दाखवणार होती. मनीषाच्या वडिलांनी घरात सांगून ठेवलं होतं: हिला कॉलेजातून नोकरी लागली तर धाकट्या ज्योतीलाही इंजिनिअरिंगला घालीन, नाहीतर एवढं बास. म्हणजे एका डेमोवर दोघींचं अडलेलं.

डेमोच्या दिवशी सकाळी आमचे विभागप्रमुख, एचओडी, म्हणाले, पाहुण्यांसमोर वाकडा हात नको, रोबोटसोबत आलेली ट्विनची मूळ फाईल लावा. त्या फाईलमधला हात कायम सरळ. सेन्सर काहीही सांगोत. मी लावली. डेमो पाच मिनिटांचा, दहा होतातच कशाला, असा माझा हिशोब. मनीषाला सांगायचं होतं, पण नारळ, गुच्छ, चहा यात राहून गेलं. त्यात रोबोट चालू करून झाल्यावर एचओडी डिपार्टमेंटची माहिती सांगायला उठले ते बसेचनात.

हात लोंबला.

"तुझ्या ट्विनला हे दिसत नाही?" साहेबांनी विचारलं.

मनीषानं स्क्रीनवरचं फाईलचं नाव वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मी पदराशी चाळा करत उभी. माझी मेली जीभच उचलली नाही.

"न्हाई सर."

"हे कुणी केलं?"

"मीच."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

तिसऱ्या दिवशी मी साहेबांना फोन करून सगळं खरं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, जागा भरली. मी एचओडींना सांगितलं, तर ते म्हणाले, दुसरी कंपनी येईल. ती काही आली नाही.

परीक्षा संपल्यावर मनीषा वडिलांना घेऊन हॉस्टेलचं सामान न्यायला आली. ती वर बॅगा भरत होती. मी खाली तिच्या वडिलांना गाठलं आणि हात जोडून सांगितलं, दादा, चूक माझी होती, तुमच्या मुलीचं काम चोख होतं, ज्योतीचं शिक्षण थांबवू नका.

त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

"आसंल मॅडम. पर तवा तितं कोन बोललं न्हाई ना," ते म्हणाले. "अशा ठिकानी दुसरी पोरगी कशी धाडू?"

मी जोडलेले हात खाली घेतले.

आता दरवर्षी पहिल्याच तासाला मी सांगते, यंत्रात बिघाड असेल तर ट्विनमध्ये दिसलाच पाहिजे. लपवला तर यंत्राचं काही जात नाही, माणसाला भोगावं लागतं. पोरं वहीत लिहून घेतात. वर्गात कुणी पाथर्डीकडची मुलगी आली की मी तिचं नाव विचारते. ज्योती अजून आलेली नाही.